चौथ्या खोलीचे ब्रेक

आक्काचा आवाज कायम बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचेल अशा बेतानं लागलेला असायचा. समोर मी एकटा बसलेलो असलो आणि ती चहाचा कप माझ्या हातात देत असली, तरी "साखर कमी हाय, चालंल न्हवं?" हे तिचं वाक्य मागच्या गल्लीतही ऐकू जायचं. बावीस वर्षं तिनं एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती. इंजिनाच्या वरताण बोलायची सवय निवृत्तीनंतरही तशीच राहिली.

मी तिचा भाडेकरू होतो. कळंब्यात तलावाच्या अलीकडे तिचं तीन खोल्यांचं घर. एक तिची, एक स्वयंपाकाची, एक माझी. पण नव्या माणसाला ती सांगायची, "माझ्या घराला चार खोल्या हाईत. तीन हितं बसून असत्यात. चौथी फिरती."

चौथी खोली अंगणात उभी असायची. कुठल्याशा दवाखान्यानं काढून टाकलेली जुनी रुग्णवाहिका. वरच्या लाल दिव्याच्या भोकावर पत्रा ठोकला होता. अंगावरची अक्षरं रंगाखाली झाकली होती, तरी सकाळचं तिरकं ऊन पडलं की ती वाचता यायची. आत एक लोखंडी पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी. खिडक्यांना खाकी पडदे होते. ते आक्कानं आपल्या गणवेशाच्या साड्या फाडून शिवले होते. कागदपत्रांसाठी तिनं किती महिने हेलपाटे घातले ते तिलाच ठाऊक. शेवटी गाडी रुग्णवाहिका राहिली नाही, राहायची गाडी म्हणून रीतसर तिच्या नावावर झाली.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"बावीस वर्सं मी उभा राहून गावं बघितली," ती म्हणाली. "तीबी खिडकीतनं न्हाई. लोकांच्या डोक्यावरनं. आता बसून बघणार."

ती 'मी जातो, मी आलो' असंच बोलायची. कोल्हापूरच्या बायकांत हे नवल नाही, पण आक्काच्या तोंडी त्याला जरा जास्तच धार यायची.

गाडी चालवायला ती शिकली एकोणसाठाव्या वर्षी. शिकवणारा पोरगेला माणूस होता. पहिल्याच दिवशी त्यानं "मावशी, घाबरू नका" म्हटलं, आणि आक्कानं त्याला गिअर कधी बदलायचा ते आवाजावरून सांगायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी तो तिला आक्का म्हणायला लागला. लायसन पहिल्या झटक्यात मिळालं.

सल्ला देणाऱ्यांची मात्र रांग होती. या वयात, बाईमाणसानं, एकटीनं. शेजारचे एक गृहस्थ रोज सकाळी दूध आणायला जाताना गाडीजवळ थांबून काहीतरी सुचवायचे. आक्का त्यांचं पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "पावणं, तिकीट काढलंय काय?"

गृहस्थ गोंधळायचे.

"न्हाई न्हवं? मग खाली उतरा."

हे ती सगळ्यांना म्हणायची. तलाठ्याला म्हणाली, देवळातल्या पुजाऱ्याला म्हणाली. तिचा थोरला भाऊ नेसरीहून येऊन तासभर बोलला, तेव्हा त्यालाही म्हणाली. तो चहा न पिता निघून गेला.

भावाचं आणि तिचं जुनं होतं. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, आणि भावानं तिला नेसरीला परत आणलं. त्या घरात ती नऊ वर्षं राहिली. शेतात राबली, भावाची पोरं वाढवली. मग कुणालाही न सांगता तिनं कंडक्टरच्या भरतीचा अर्ज भरला. त्या नऊ वर्षांबद्दल ती वाईट बोलायची नाही. "खायाला पोटभर हुतं," एवढंच म्हणायची. "फकस्त विचारून जायला लागायचं."

मलाही ती 'पावणं'च म्हणायची. दोन वर्षं राहिलो तरी पावणं. भाडेकरू हा आज ना उद्या जाणारा, त्याचं नाव कशाला तोंडात बसवून घ्यायचं, असा तिचा हिशेब असावा. हल्ली मी इचलकरंजीला असतो. तिचा फोन येतो तेव्हा कुठल्या गावातून बोलते आहे ते ती आधी सांगते, मग माझी चौकशी करते.

मी तिच्याकडे राहत होतो तेव्हाच्या दुसऱ्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि शिरोळकडची गावं पाण्यात गेली. माणसं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये आणून ठेवली होती. जेवणाचे टेम्पो जात होते, ब्लँकेटं जात होती. आक्का एका सकाळी गाडी घेऊन निघाली, ती आठ दिवस आलीच नाही. मी फोन केला तर म्हणाली, "हितं दीडशे बायका हाईत आणि कपडं बदलायला आडोसा न्हाई. माझ्या गाडीला पडदं हाईत." आठ दिवस ती गाडीच्या पायरीवर बसून होती आणि आत एकेक बाई जात होती. दार लावलं की ती बाहेरून दोनदा पत्र्यावर थाप मारायची. आतल्या बाईनं उलट थाप मारली की दार उघडायची. पुढाऱ्याची गाडी आली आणि तिथल्या माणसांनी तिला गाडी जरा बाजूला घ्यायला सांगितलं, तर तिनं किल्ली पदराला बांधली आणि पायरीवर तशीच बसून राहिली. पुढारी लांबूनच बोलून गेले.

ती परत आली तेव्हा गाडीच्या खालच्या अर्ध्या भागावर चिखल वाळलेला होता. मग दिवाळीनंतर ब्रेकमधून आवाज यायला लागला. पेडल दाबलं की तवा घासल्यासारखा खर्रर्र आवाज.

कळंब्यातल्या मिस्त्रीनं पुढची चाकं काढून दाखवली. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून थांबवतात ती ब्रेक पॅडं. आक्काची पॅडं झिजून पत्र्याला आली होती. पुराच्या पाण्यातली रेती त्यांत अडकली होती आणि तबकडीवर रेघा उमटल्या होत्या. "नवी आणा," मिस्त्री म्हणाला. "पण नीट बघून आणा. जुन्या गाडीला काय पण बसवत्यात लोक."

उद्यमनगरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला होतो. गाडीचं नाव आणि साल सांगितलं की मागच्या फळीवरून डबा काढून द्यायचा, हे माझं काम. त्या दिवशी घरी आल्या आल्या आक्कानं मला ओट्याजवळच गाठलं.

"पावणं, पॅड देताना वजन किती धरून देता?"

"कंपनीनं ठरवलेलं असतंय, आक्का."

"कंपनीनं रुग्णवाहिकेचं ठरवलं आसंल. आता त्यात पलंग हाय, टाकी हाय, दोन सिलिंडर हाईत, मी हाय."

मी सहज म्हणालो, "मग वजनच करून बघायला पायजे."

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीकडून जुनीच पॅडं तात्पुरती बसवून घेऊन, सावकाश, शिरोळच्या वाटेवरच्या वजनकाट्यावर गेली. गळीत हंगाम सुरू झालेला. उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि त्या रांगेत मध्येच पडदे लावलेली आक्काची खोली. ट्रॅक्टरवाले हसले. एकानं विचारलं, "आक्का, ऊस कुठाय?" आक्का म्हणाली, "चघळून झाला." काट्यावर तिनं टाकी भरलेल्या गाडीचं वजन केलं. मग टाकी मोकळी करून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली आणि पुन्हा वजन केलं. भरल्या टाकीची गाडी ठरल्या वजनापेक्षा साडेतीन क्विंटल जड निघाली.

ती काट्यावर होती त्याच दिवशी तिचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, आमच्या दुकानात आला. तो नेसरीकडच्या गावांमधून दूध गोळा करून कोल्हापुरात आणायचा. तीन टेम्पो होते त्याचे. आमचं कायमचं गिऱ्हाईक. तो वाईट माणूस नव्हता. आत्यानं त्याला कडेवर वाढवलं होतं.

"आत्याच्या गाडीची पॅडं गेल्यात म्हणं. ती मागाय येईल," तो मालकाला म्हणाला. "बंद झाली म्हणून सांगा. गाडी दारात उभी ऱ्हाईल. आमच्या आबांच्या जिवाला घोर लागलाय. कुठं घाटात काय झालं तर आमी कुणाकडं बघायचं?"

मालक म्हणाले, "सांगतो की. त्यात काय." आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली. मला ते फारसं चुकीचंही वाटलं नाही, हे इथं लिहिलं पाहिजे. तिच्या भल्याचंच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. वर तिच्याशी माझी ओळख होती, म्हणजे खोटं सांगायला मीच सोयीचा होतो.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. झिजलेली पॅडं तिनं फडक्यात गुंडाळून आणली होती. ती काचेवर ठेवली, शेजारी काट्याची पावती ठेवली.

"हे बंद झालं, आक्का," मी म्हणालो. "कंपनीनंच बंद केलं. गाडी जुनी हाय की."

पास घरी राहिलाय म्हणून सांगणाऱ्या माणसाकडे ती बसमध्ये कशी बघत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी डब्यांच्या फळीकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. पॅडं फडक्यात गुंडाळली आणि गेली.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखा चहा दिला. साखरेचं विचारलं. बाकी काही नाही. मला तो चहा संपवता आला नाही.

पुढचे आठ-नऊ दिवस ती रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडायची. कोल्हापुरात स्पेअर पार्टची दुकानं किती असतील, ती सगळी तिनं पालथी घातली. कुठं "नाही" म्हणाले, कुठं भलतंच पुढं केलं. एका दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचं पॅड दाखवून "कडा घासून बसवू" म्हटलं. ती म्हणाली, "घासून बसवायला ही काय चप्पल हाय?"

शेवटी कळंब्याच्या मिस्त्रीनंच तिला वाट दाखवली. "गाडीच्या नावावर जाऊ नका, आक्का. चिमटा सारखा असला की पॅड सारखं. एकाच कंपनीच्या दोन-चार गाड्यांना तोच चिमटा असतोय."

आक्कानं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. त्यावर जुनं पॅड ठेवून पेन्सिलीनं त्याचा आकार काढला, कान कुठं, खाच कुठं, भोक कुठं ते दाखवलं, आणि तो कापून पिशवीत ठेवला. मग ती रस्त्यानं जाताना उघडं चाक दिसलं की वाकायची. पंक्चरच्या दुकानासमोर तासतासभर उभी राहायची. लोकांना वाटलं, आक्काचं आता काही खरं नाही.

त्याच आठवड्यात भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. आक्का नेसरीला गेली. पुढचं मला भाच्यानंच नंतर सांगितलं. पाळण्याचा कार्यक्रम झाला, बायका जेवायला बसल्या, आणि आत्या कुठं दिसेना. तो चहा घेऊन शोधत परसात गेला. तिथं दुधाचा टेम्पो जॅकवर उभा होता, पुढचं चाक काढून ठेवलेलं. आणि आत्या नवी इरकली साडी गुडघ्यात धरून चाकाच्या जागी उकिडवी बसली होती. हातातला पुठ्ठा तिनं आतल्या पॅडला लावला होता. खाचेला खाच, कानाला कान.

ती उठली. त्याच्या हातातला चहा घेतला, उभ्यानं प्याली, कप परत दिला.

"पॅडं नवी दिसत्यात," एवढंच म्हणाली आणि आत गेली. जेवली, बाळाला मांडीवर घेतलं, संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

सोमवारी सकाळी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना ती आली. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर म्हणाली, "दुधाच्या टेम्पोची पुढची पॅडं दाखवा."

मला सगळं कळलं. मी तीन प्रकारचे डबे काढून काचेवर ठेवले. तिनं फडकं सोडलं आणि त्यातलं जुनं पॅड नव्या पॅडाशेजारी ठेवलं. जुळ्या भावंडांसारखी दिसत होती. दुकानातल्या लोकांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ते बघायला पुढं सरकले.

मालक पुढं आले. "आक्का, त्याचं काय झालं—"

"तुमी थांबा, पावणं. तुमचं तुमच्या गिऱ्हाइकाशी हाय." मग ती माझ्याकडे वळली. "लबाडी कुणी शिकवली ते मी विचारणार न्हाई. मला ठाव हाय. आता खरं बोलून दाखव. ह्या तिन्हींत फरक काय?"

दोन वर्षांत पहिल्यांदा ती मला तू म्हणाली होती. ते मानाचं होतं की अपमानाचं, मला कळत नव्हतं.

मी सांगायला लागलो. पहिला डबा स्वस्तातला. मालकांनी त्याचा मोठा साठा भरला होता. आत काय भरलंय ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. दुसरी पॅडं मऊ, आवाज न करणारी, गावात चालवायला चांगली. तिसऱ्यात धातूचा चुरा मिसळलेला. महाग. सकाळी गार असताना कुरकुर करणार, चाकावर काळी भुकटी बसणार.

"आणि तापल्यावर?"

"मऊ पॅड तापल्यावर पकड सोडतं, आक्का. पेडल दाबलं तरी गाडी पुढं जात राहते. चुऱ्याचं पॅड तापल्यावरबी धरून राहतं."

ती हे जाणून होती. नोकरीत असताना एका घाटात तिच्या बसच्या पुढं वाळूचा ट्रक होता. त्याच्या चाकांतून धूर येत होता आणि ड्रायव्हर पेडलवर अक्षरशः उभा राहिला होता. शेवटी त्यानं ट्रक डोंगराच्या बाजूच्या चरात घातला. माणूस वाचला. तो वास आक्काच्या नाकात कायमचा राहिला होता. तिनं तिन्ही पॅडं एकेक करून नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"आता नीट ऐक. रविवारी मी फोंड्याच्या घाटानं खाली उतरणार हाय. माझ्या शेजारच्या सीटवर तू बसणार हायस. आता सांग, कुठलं घेऊ?"

मालक माझ्याकडे बघत होते. त्यांच्या साठ्याचा डबा माझ्या हाताजवळ होता. मी तो उचलून फळीवर परत ठेवला आणि चुऱ्याची पॅडं पुढं सरकवली. आणि एकदा बोलायला लागल्यावर मग थांबलो नाही. तबकडीवरच्या रेघा घासून घ्याव्या लागतील म्हणालो. ब्रेक ऑइल जुनं झालं असेल, बदला म्हणालो. मागच्या चाकांत पॅडांच्या जागी लायनरं असतात, तीही उघडून बघा म्हणालो. शेवटी काट्याची पावती मागून घेतली आणि म्हणालो, "आणि आक्का, कसलीबी पॅडं घातली तरी साडेतीन क्विंटल जास्तीचं ओझं त्यांच्यासाठी न्हाई. लोखंडी पलंग काढा. एकच सिलिंडर ठेवा. घाट उतरताना टाकी भरू नका."

इतका सल्ला आक्काला कुणी दिला असेल आणि तो माणूस तिच्यापुढं टिकला असेल, असं मला आठवत नाही. तिनं पावती माझ्या हातातून घेतली आणि घडी घातली.

"आज तू तिकीट काढलंस," ती म्हणाली आणि डबा पिशवीत टाकला.

मालकांनी मला त्या दिवशी पुष्कळ ऐकवलं. ते बोलत असताना मी फळीवरचे डबे नीट लावत होतो. खूप दिवसांनी मला हलकं वाटत होतं.

लोखंडी पलंग निघाला, त्याच्या जागी पातळ फळ्या आल्या. मिस्त्रीनं तबकडी घासून आणली, पॅडं बसवली. नवी पॅडं तबकडीवर नीट बसायला हवी असतात. त्यासाठी गाडी जरा वेगात घ्यायची, हळूहळू ब्रेक दाबून वेग कमी करायचा, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. पंचवीस-तीस वेळा. आक्कानं त्यासाठी कळंब्यातल्या तुरुंगाच्या भिंतीलगतचा सरळ रस्ता निवडला. सकाळचे आठ वाजलेले. ती वेग घेई, ब्रेक लावी, वळे, पुन्हा येई. दहाव्या-बाराव्या फेरीला फाटकावरचा शिपाई रस्त्यात आला.

"काय चाललंय, आक्का? हितं काय काम?"

"नव्या पॅडास्नी सवय लावतोय."

"दुसरा रस्ता न्हाई का?"

"हितली माणसं आत बसून हाईत. त्यास्नी तेवढाच बाहेरचा आवाज," आक्का म्हणाली आणि पुढची फेरी घेतली. शिपायानं उरलेल्या फेऱ्या मोजल्या आणि पंचविसाव्याला हात वर करून तिला सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो, आणि आक्काचा भाऊ नेसरीहून पहिल्या गाडीनं येऊन दारात उभा राहिला. सत्तरी गाठलेला, उंच, पांढरी टोपी. तो थेट गाडीपुढं जाऊन थांबला. बॉनेटला त्याचे गुडघे टेकत होते.

"खाली उतर," तो म्हणाला.

आक्कानं काच खाली केली. "दादा, तू वर चढ."

"मी चेष्टा करायला आलो न्हाई. लोक इचारत्यात, तुमची भन रस्त्यावर झोपती म्हणं. काय सांगू त्यास्नी?"

"रस्त्यावर झोपत न्हाई. माझ्या खोलीत झोपतो. खोली रस्त्यावर असती."

"ब्रेक न्हाईत त्या गाडीला. पोरगं सांगत हुतं."

"तेच बघाय निघालोय. घाटात उतरून. तुला खातरी करायची आसंल तर मागं बस. न्हाईतर बाजूला हो. मी इंजान चालू करतोय."

तिनं इंजिन सुरू केलं. गल्ली दारांमध्ये येऊन बघत होती. भावाला माघार घेता येत नव्हती आणि पुढंही उभं राहता येत नव्हतं. शेवटी तो मागचं दार उघडून आत चढला आणि फळ्यांच्या कडेवर बसला. दोन्ही हातांनी त्यानं खिडकीचा दांडा धरला. राधानगरी येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

घाटाच्या तोंडाशी आक्कानं गाडी बाजूला घेतली. उतरून चारही चाकांपाशी गेली, हात लावला, परत आली. मग खालच्या गिअरमध्ये टाकून उतरायला लागली. इंजिन गुरगुरत गाडीला धरून ठेवत होतं आणि वळणाआधी ती पेडल दाबून लगेच सोडत होती. मागून एका जीपवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आक्कानं त्याला हातानं पुढं जायची खूण केली. "घाई हाय त्याला," ती म्हणाली. "मला न्हाई."

दोन वळणं गेल्यावर पुन्हा थांबली. मोकळ्या जागेत गाडी लावली, खाली उतरली आणि चाकापाशी वाकून वास घेतला. पाणी प्याली. दहा मिनिटं दरीकडे तोंड करून बसली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मागचं दार उघडल्याचा आवाज आला. भाऊ खाली उतरला होता. तो हळूहळू पुढच्या चाकापाशी आला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि त्यानंही वास घेतला.

"काय येतंय?" आक्कानं विचारलं.

"काय बी न्हाई," तो म्हणाला.

"तेच पायजे."

चौथ्यांदा थांबलो तेव्हा तिनं आम्हांला डब्यातल्या भाकरी आणि पिठलं दिलं. तिघंही गाडीच्या सावलीत जेवलो. बाकी घाटात काहीच घडलं नाही.

फोंड्याला पोहोचल्यावर तिनं गाडी सरळ स्टँडवर घेतली.

"आता परत फिर," भाऊ म्हणाला. "बघितलं. चांगलं हाईत ब्रेक. चल घरी."

"परत कोण निघालंय?" आक्का म्हणाली. "मी खाली समुद्राकडं जाणार हाय. तुमची कोल्हापूरची गाडी पावणेतीनला लागती. उजव्या अंगाला बसा, ऊन लागणार न्हाई."

भावाला ते समजायला वेळ लागला. तो म्हणाला, "एकटी?"

"व्हय."

"कवा येशील?"

आक्कानं त्याच्याकडे बघितलं. तिला राग आला नव्हता. पण तिनं उत्तर दिलं नाही. त्याची टोपी वाकडी झाली होती, ती सरळ केली, मला म्हणाली, "कोल्हापुरात दादाला गडहिंग्लजच्या गाडीत बसवून दे," आणि गाडीत चढली. पांढरी गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली आणि झाडांमागे गेली.

आम्ही उजव्या अंगाला बसलो. घाट चढेपर्यंत भाऊ वळणं मोजत होता. मग खिडकीबाहेर बघतच बोलायला लागला.

"ती कंडक्टर झाली तवा आमच्या मार्गावर हुती. गडहिंग्लजला तिची गाडी लागायची. मी ती सोडायचो. मागच्या गाडीनं जायचो. तास-तास थांबायचो स्टँडवर. भणीच्या हातनं तिकीट घ्यायची लाज वाटायची." तो थोडा थांबला. "तिला दिसायचं. मी खांबामागं उभा हाय ते. कवा बोलली न्हाई. पाच-सहा वर्सं चाललं ते. आज पयल्यांदा तिच्या गाडीत बसलो."

राधानगरी मागं पडली तेव्हा त्याचा फोन वाजला. भाचा होता. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, आत्या कुठाय?"

"पुढं गेली."

"पुढं म्हंजे? आणि तुमी?"

"आमी उतरलो."

"आवं, तुमी तिला थांबवायला गेलता की."

भावानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांबली की," तो म्हणाला. "घाटात चार बाऱ्या थांबली. तिला जिथं थांबायचं हुतं तिथं."

आणि त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला.